माशांसाठी शिळे पाणी

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेचा इतिहास, जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी व देणगीदारांचे ऋणनिर्देश यांस अग्रस्थान असणे योग्यच होय. तथापि घरातील लहानथोरांस नित्य उपयोगी पडेल असेही काही ह्या पानांत असावे, अशी सूचना झाल्यावरून आम्ही हा लहानसा विषय हाती घेतला आहे. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत आता काचेची मत्स्यपेटी ही काही नवलाची वस्तू राहिलेली नाही. पूर्वी सुट्टीत मुंबईस गेलेली मुले १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहून येत आणि महिनाभर त्याच गोष्टी सांगत. आज तीच हौस दिवाणखान्यातील कोपऱ्यात दोन फुटांच्या पेटीत पुरी होते. सोनेरी गोल्डफिश, शेपटीचा पंखा हलवणारे गप्पी, काळे मॉली, डौलदार एंजल असे मासे मुलांच्या वाढदिवसाला घरी येतात आणि पुष्कळदा महिन्याच्या आत एकेक करून नाहीसे होतात.

आम्ही मासे पाळतो हे ठाऊक असलेली मंडळी आम्हांस वारंवार एकच प्रश्न विचारतात: “पाणी स्वच्छ होते, पेटी कालच घासूनपुसून लख्ख केली, तरी सकाळी सगळे मासे उलटे! हे कसे?” कोणी दुकानदाराने रोगट मासे दिले असे म्हणतो, कोणी दृष्ट लागली असे म्हणतो, कोणी मुलांनी जास्त खाऊ घातले म्हणून त्यांना रागे भरतो. खरे कारण बहुधा त्या प्रश्नातच दडलेले असते. पेटी कालच लख्ख केली आणि नळाचे ताजे पाणी भरले, म्हणूनच मासे मेले!

आपल्या घरची रीत अशी की, सकाळी उठल्यावर कालचे शिळे पाणी ओतून द्यावे, भांडी घासावी आणि ताजे पाणी भरावे. माणसांसाठी ही रीत उत्तम आहे. माशांच्या बाबतीत मात्र ती उलटी करावी लागते. त्यांना शिळे पाणी मानवते, ताजे बाधते. असे का होते, आणि नळाचे पाणी माशांजोगे कसे करावे, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

नळाच्या पाण्यात असते काय?

इंदूरकरांच्या नळाला येणारे पाणी मोठा प्रवास करून येते. होळकरांच्या काळातील तलाव वाढत्या शहराला अपुरे पडू लागले, १९७० साली नर्मदेच्या पाण्यासाठी इंदुरात मोठे आंदोलन झाले, आणि १९७८ साली जलूद येथून नर्मदेचे पाणी सुमारे सत्तर किलोमीटरचे अंतर तोडून, विंध्याची चढण चढून शहरात आले. नदीचे पाणी असे थेट घरात सोडता येत नाही. जलशुद्धीकरणात प्रथम तुरटीसारखे द्रव्य घालून गढूळपणा खाली बसवतात, मग वाळूच्या थरांतून पाणी गाळतात, आणि शेवटी त्यात क्लोरीन मिसळतात.

हा क्लोरीन आपला शत्रू आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडमधील मेडस्टन गावी १८९७ साली विषमज्वराची साथ पसरली, तेव्हा तेथील पाण्याचे नळ ब्लीचिंग पावडरीने शुद्ध करण्यात आले. पुढे १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटी ह्या शहराच्या पाण्यात नेमाने क्लोरीन घालण्यास आरंभ झाला, आणि ही पद्धत हळूहळू जगभर गेली. पटकी, विषमज्वर, अतिसार यांनी घरेच्या घरे बसत असत, ती पुष्कळ अंशी वाचली, यात क्लोरीनचा वाटा फार मोठा आहे. केंद्रात क्लोरीन घालून भागत नाही. वाटेत नळ फुटला, गटाराचे पाणी झिरपले, तर तेथील जंतू मारण्यासाठी तो आपल्या घरापर्यंत थोडासा शिल्लकही राहावा लागतो. म्हणून आपल्या देशाच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, ज्यास आयएस १०५०० असे म्हणतात, ग्राहकाच्या नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा असे सांगितले आहे, आणि १ मिलिग्रॅमपर्यंत तो चालतो.

लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम म्हणजे पाच लिटर पाण्यात अवघा एक मिलिग्रॅम. आपण ते पाणी पितो तेव्हा तोंडातील लाळ व पोटातील अन्न यांच्याशी गाठ पडताच एवढासा क्लोरीन संपून जातो. त्याची आपणांस बाधा होत नाही.

माशाची गोष्ट वेगळी

मासा पाणी नुसते पीत नाही, तो पाण्यातून श्वास घेतो. त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंस झाकणाखाली तांबडे कल्ले असतात. त्यांच्या बारीक पाकळ्यांतून रक्त वाहते, आणि ते रक्त व बाहेरचे पाणी यांच्यामध्ये अत्यंत पातळ असा पापुद्रा असतो. तो पातळ असतो म्हणूनच पाण्यात विरघळलेला प्राणवायू रक्तात शिरू शकतो. परंतु त्याच वाटेने क्लोरीनही येतो, आणि जंतूंना जसा जाळतो तसाच ह्या पापुद्र्यालाही जाळतो. कल्ले सुजतात, त्यांवर चिकट बुळबुळीत थर साचतो, आणि भोवती प्राणवायू असूनही मासा गुदमरतो.

आपल्या नळाशी जेवढा क्लोरीन असावा म्हणून मानक सांगते, तेवढाच पुष्कळ जातींच्या माशांस मारावयास पुरेसा होतो. त्याच्या दहाव्या हिश्शानेही कल्ल्यांस इजा होते. मग मासा लगेच मरत नाही, पण अशक्त होतो आणि आठ-पंधरा दिवसांनी एखाद्या किरकोळ रोगाने जातो. तेव्हा पाण्याचा संशय कोणाच्या मनातही येत नाही.

क्लोरीनची बाधा झाल्याची लक्षणे ध्यानात ठेवावीत. पाणी बदलल्यावर काही मिनिटांत वा तासांत मासे सैरावैरा धावू लागतात, काचेवर आपटतात, पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करतात, कल्ल्यांची झाकणे भराभर हलतात, रंग फिका पडतो. असे दिसताच नवा मासा आणण्याचा विचार बाजूस ठेवून पुढे सांगितलेला हायपोचा उपाय तत्काळ पेटीतच करावा, आणि हवेचा पंप पूर्ण वेगाने चालू ठेवावा.

पाणी शिळे करणे

क्लोरीन घालवण्याचा सर्वांत सोपा व फुकटचा उपाय म्हणजे पाणी उघडे ठेवणे. क्लोरीन हा मुळात वायू असल्याने तो हळूहळू उडून जातो. रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या टबात किंवा बादलीत पाणी भरून चोवीस तास ठेवावे. अठ्ठेचाळीस तास ठेवल्यास अधिक चांगले. अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये किंवा झाकण लावलेल्या पिंपात हेच पाणी दोन दिवस ठेवले तरी क्लोरीन पुरता जात नाही, हे विसरू नये. भांडे जितके पसरट, तितके काम लवकर होते.

घाई असल्यास ह्या टबात हवेच्या पंपाची नळी सोडावी, म्हणजे पाणी ढवळले जाऊन क्लोरीन लवकर निघतो. पंप नसेल तर आपण गरम दूध निववताना करतो त्याप्रमाणे पाणी उंचावरून एका बादलीतून दुसऱ्या बादलीत अनेक वेळा ओतावे. गच्चीवरील उन्हात टब ठेवल्यासही क्लोरीन काही तासांत पुष्कळ कमी होतो, कारण सूर्यप्रकाशाने तो मोडतो. मात्र तापलेले पाणी सावलीत निवल्यावाचून पेटीत घालू नये.

टबावर मलमलीचे फडके बांधावे. त्यामुळे हवा खेळती राहते, धूळ पडत नाही आणि डासांस अंडी घालावयास जागा मिळत नाही. डेंग्यू पसरवणारा डास अशा स्वच्छ साठवलेल्या पाण्यावरच टपलेला असतो. म्हणून पाणी दोन दिवसांपलीकडे साठवू नये.

पाणी उकळून घ्यावे काय, असे पुष्कळ जण विचारतात. उकळल्याने क्लोरीन जातो हे खरे, परंतु त्याबरोबर पाण्यातील प्राणवायूही जातो. असे पाणी निववून, पुन्हा चांगले ढवळून वा पंप लावून मगच वापरता येते. इतका खटाटोप व इंधनाचा खर्च करण्याचे कारण नाही.

येथे भांड्यांविषयी एक सूचना अवश्य केली पाहिजे. आपल्या घरांत तांब्याचा हंडा, तांब्याची कळशी, तांब्याचा बंब यांस मान आहे, आणि तांब्यातील पाणी आरोग्यदायी मानले जाते. माशांसाठी मात्र तांबे हे विष आहे. पाण्यात उतरणारा तांब्याचा अल्पसा अंशही त्यांच्या कल्ल्यांस बाधतो, आणि मऊ पाण्यात ही बाधा अधिक होते. पितळ हे तांबे व जस्त यांचेच मिश्रण असल्याने तेही वर्ज्य. माशांच्या पाण्यासाठी प्लास्टिकची एक बादली व एक तांब्या निराळा काढून ठेवावा, आणि त्यांस साबणाचा वा भांडी घासण्याच्या पावडरीचा हात कधीही लागू देऊ नये.

पावसाळ्यात पाणी गढूळ आले म्हणजे तुरटीचा खडा फिरवण्याची सवय आपणांस आहे. माशांच्या पाण्यात तुरटी फिरवू नये. तिच्यामुळे पाण्याचा आम्लपणा वाढतो, आणि तिच्यातील अॅल्युमिनियम मऊ वा आम्ल पाण्यात कल्ल्यांस अपाय करते. गढूळ पाणी टबात स्थिर ठेवावे, गाळ खाली बसला की वरचे पाणी नळीने काढून घ्यावे.

हायपोचे दोन चमचे

दोन दिवस थांबणे ज्यांस शक्य नसेल त्यांच्यासाठी दुसरा उपाय आहे. जुन्या काळी प्रत्येक छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत ‘हायपो’ नावाचे पांढरे स्फटिक असत. त्यांचे शास्त्रीय नाव सोडियम थायोसल्फेट. छायाचित्र पक्के करण्याच्या कामी येणारे हेच द्रव्य क्लोरीनला क्षणात निष्प्रभ करते आणि त्याचे निरुपद्रवी क्षार बनवते. माशांच्या दुकानांत ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून जे खडे वा थेंब मिळतात, त्यांत बहुधा हेच असते.

दुकानातील बाटलीवर लिहिलेले प्रमाण पाळावे हे उत्तम. ज्यांस घरी द्रावण करावयाचे असेल त्यांनी १० ग्रॅम हायपोचे स्फटिक १ लिटर पाण्यात विरघळवून रंगीत बाटलीत भरून ठेवावे, वर ठळक चिठ्ठी चिकटवावी आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या १५ लिटरच्या बादलीस ह्या द्रावणाचे १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन चमचे, पुरेसे होतात. पावसाळ्यात पाण्याला क्लोरीनचा उग्र वास येत असेल, टँकरचे पाणी असेल, किंवा इमारतीची टाकी नुकतीच ब्लीचिंग पावडरीने धुतली असेल, तर प्रमाण दुप्पट करावे. थोडे अधिक पडल्याने मासे मरत नाहीत, परंतु म्हणून वाटेल तसे ओतूही नये. द्रावण दोन-तीन महिन्यांनी टाकून नवे करावे.

औषध आधी बादलीत घालावे, ढवळावे, आणि मगच पाणी पेटीत सोडावे. संकटसमयी थेट पेटीत घालावे लागलेच, तर हिशेब पेटीतील सर्व पाण्याचा करावा, नव्या पाण्याचा नव्हे.

पाण्यात क्लोरीन उरला आहे की नाही हे पाहण्याचा साधा मार्ग म्हणजे ओटी चाचणी. खेडोपाडी आरोग्यसेवक क्लोरोस्कोप नावाच्या पेटीने विहिरींचे पाणी याच रीतीने तपासतात. नळीत थोडे पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. जितका गडद, तितका क्लोरीन अधिक. माशांच्या पाण्यात रंग मुळीच येता कामा नये. चाचणीचे औषध विषारी असते; तपासलेले पाणी गटारात टाकावे, पेटीत कदापि ओतू नये.

क्लोरीनचाच एक चिवट भाऊ आहे, त्याचे नाव क्लोरामीन. क्लोरीन व अमोनिया यांच्या संयोगाने तो होतो. अमेरिकेतील अनेक शहरांत तो मुद्दाम पाण्यात घालतात, कारण तो फार काळ टिकतो. नातू-पणतू तिकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांनी हे ध्यानात घ्यावे, की क्लोरामीन एकदोन दिवस पाणी उघडे ठेवल्याने जात नाही. हायपोने तो मोडतो खरा, पण त्यातून अमोनिया सुटतो; म्हणून तेथे अमोनियासही बांधून ठेवणारे औषध वापरावे लागते.

डाळ शिजते का?

क्लोरीन गेला म्हणजे सर्व झाले असे नाही. पाणी जड आहे की हलके, हाही प्रश्न उरतो. आपल्या गृहिणींस त्याची परीक्षा प्रयोगशाळेवाचून येते. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि नळाच्या तोटीवर व बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, ते पाणी जड. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. मानकाप्रमाणे हा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरी सोय नसल्यास ६०० पर्यंत चालवून घ्यावा. कोकण-गोव्याकडील जांभ्या दगडातील विहिरींचे पाणी बहुधा हलके असते. तिकडून आलेल्या सुनेला येथील बोरिंगचे पाणी पाहून नवल वाटते, ते यामुळेच.

इंदुरातील पुष्कळ घरांत नर्मदेचा नळ निराळा आणि बोरिंगचा नळ निराळा असतो. बोरिंगच्या पाण्यात क्लोरीन नसतो म्हणून ते माशांस थेट चालेल, असा समज करून घेऊ नये. जमिनीच्या पोटातून वर आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड अधिक असू शकतो. तेही एक दिवस उघडे ठेवून, ढवळूनच वापरावे.

सर्वांत महत्त्वाचे हे की, एका आठवड्यास नर्मदा व दुसऱ्या आठवड्यास बोरिंग असा खेळ करू नये. मासा बहुतेक पाण्यांस हळूहळू सरावतो, पण अचानक बदलास तो टिकत नाही. एकच पाणी ठरवावे व तेच चालू ठेवावे. दोन्ही मिसळावयाचे असेल, तर दर खेपेस प्रमाण सारखे असावे.

पिण्याच्या पाण्याचे आरओ यंत्र आता घरोघर आहे. त्यातून निघालेल्या पाण्यात क्षार अगदीच थोडे उरतात, आणि केवळ अशा पाण्यात मासा नीट राहत नाही; पाण्याचा आम्लपणाही त्यात स्थिर राहत नाही. फार जड बोरिंगचे पाणी सौम्य करण्यापुरते ते निम्मे मिसळण्यास हरकत नाही. यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारे पाणी मात्र मूळ पाण्याहून अधिक खारट झालेले असते. ते फरशी पुसण्यास वापरावे, माशांस नव्हे.

आमचा सल्ला असा की, माशाप्रमाणे पाणी बनवत बसण्यापेक्षा पाण्याप्रमाणे मासा निवडावा. जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी आनंदाने राहतात व पिल्लेही देतात. गोल्डफिशही तक्रार करत नाही. निऑन टेट्रा, डिस्कस ही मंडळी मऊ पाण्याची. नवशिक्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये.

न दिसणारे कामकरी

आता ज्या कारणाने लख्ख घासलेल्या पेटीत मासे मरतात, त्याचा दुसरा अर्धा भाग सांगितला पाहिजे. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून व उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. हा अमोनिया माशांस विषारी असतो, आणि पाणी अल्कधर्मी व उष्ण असल्यास अधिकच. निसर्गाने यावर योजना केली आहे. काही सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, पण नायट्रेट बरेच सौम्य. ते वनस्पती शोषून घेतात, आणि उरलेले आपण पाणी बदलून काढतो.

हे उपकारी जंतू फिल्टरच्या स्पंजात, खड्यांवर आणि काचेवरील बुळबुळीत थरात राहतात. नव्या पेटीत त्यांची वस्ती पुरेशी वाढावयास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या पेटीत एकदम दहा-बारा मासे सोडू नयेत. दोन-तीन सोडावे, खाद्य बेताने घालावे, आणि महिन्या-दीड महिन्यानंतर संख्या वाढवावी.

क्लोरीन हा जंतुनाशक आहे, आणि आपले जंतू व उपकारी जंतू असा भेद त्यास कळत नाही. आपण सुट्टीच्या दिवशी मोठ्या उत्साहाने सगळे खडे नळाखाली चोळतो, स्पंज नळाच्या धारेखाली पिळून पांढरा करतो, काच साबणाने घासतो आणि सारे पाणी नवे भरतो. तेव्हा एकाच तासात चार संकटे माशांवर येतात: कल्ल्यांवर क्लोरीन, अंगाला नवे तापमान, सवयीचे पाणी एकाएकी बदललेले, आणि अमोनिया संपवणारी सारी फौज मेलेली. पहिल्या तिन्हींतून वाचलेला मासा तीन-चार दिवसांत चौथ्याने जातो.

म्हणून स्पंज नळाखाली कधीही धुऊ नये. पेटीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच तो दोनदा पिळावा, एवढे पुरे. तो तपकिरी दिसला तरी चिंता नाही. तो रंग मळापेक्षा वस्तीचा आहे.

आठवड्याचा क्रम

हे सर्व प्रत्यक्ष आचरणात आणणे फार सोपे आहे. प्रथम आपल्या पेटीत पाणी किती हे काढावे. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा व हजाराने भागावे. ६० लांब, ३० रुंद व ३० उंच पेटीचे ५४ लिटर होतात. खडे व वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे ४५ लिटर पाणी राहते. आठवड्यास त्याचा चौथा हिस्सा बदलावयाचा, म्हणजे अवघे ११ लिटर, एक बादलीसुद्धा नव्हे.

शुक्रवारी रात्री टबात पाणी भरून फडके बांधून ठेवावे. ज्या भागांत नळ एक दिवसाआड येतो, तेथे नळाचा दिवस पाहून आदल्या दिवसाची योजना करावी. रविवारी सकाळी सायफनच्या नळीने पेटीच्या तळाशी साचलेली घाण ओढत चौथा हिस्सा पाणी काढावे. मग नव्या पाण्याचे तापमान पाहावे. लहान काचेचा तापमापक स्वस्त मिळतो. त्यावर पेटीतील व बादलीतील पाण्यात एकदोन अंशांहून अधिक फरक नसावा. मे महिन्यात गच्चीवरील टाकीचे पाणी दुपारी कढत असते आणि जानेवारीच्या पहाटे बर्फासारखे. दोन्ही वेळा ते घरात राहू दिल्यास आपोआप खोलीच्या तापमानास येते. उन्हाळ्यात आणखी एक काळजी अशी की, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांत साडेसातच. त्या दिवसांत हवेचा पंप बंद ठेवू नये.

नंतर तांब्याने वा बारीक नळीने नवे पाणी सावकाश सोडावे. घाईने बादली उपडी करू नये. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी रोज थोडे थोडे नळाखालून भरण्याची काहींस सवय असते, तीही सोडावी. भर घालावयाचे पाणीही शिळेच हवे.

नवा मासा आणल्यावर त्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीत तरंगत ठेवावी, मग पिशवीत पेटीतील पाणी थोडे थोडे घालत जावे, आणि शेवटी केवळ मासा जाळीने उचलून आत सोडावा. दुकानातील पाणी पेटीत ओतू नये.

पेटीतून काढलेले पाणी फुकट घालवण्याचे कारण नाही. त्यातील नायट्रेट हे झाडांचे खतच होय. तुळस, जास्वंद, मोगरा यांस ते घालून पाहावे. नळ्याबागड्या मात्र गटारात वा तलावात रिकाम्या करू नयेत, आणि मोठा झालेला वा नकोसा झालेला मासा ‘जीवदान’ म्हणून तलावात सोडू नये. ज्या होळकरकालीन सिरपूर तलावाचा आणि गंभीर नदीवरील ज्या यशवंत सागराचा इंदूरच्या पाण्याशी जुना संबंध आहे, ते दोन्ही २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांत, गणले गेले. काच साफ करतो म्हणून आणलेला परदेशी सकर मासा देशातील अनेक जलाशयांत असाच सोडला जाऊन तेथील मूळच्या माशांच्या मुळावर आला आहे. मासा नको असल्यास तो दुकानदारास परत द्यावा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावा.

मुलांच्या हाती

हा सारा खटाटोप वीस-तीस रुपयांच्या माशासाठी कशाला, मेला तर दुसरा आणू, असे म्हणणारेही भेटतात. आमचे म्हणणे असे की, पेटी घरात आली ती बहुधा मुलाच्या हट्टामुळे, आणि त्या पेटीतून मूल काय शिकते हे आपल्यावर आहे. मासा मेला की आज नवा, तो मेला की उद्या आणखी एक, हे त्याने चारदा पाहिले, तर जीव ही बदलून मिळणारी वस्तू आहे एवढेच त्यास कळते. ओढ्यातला मासा पाणी बिघडले तर दुसरीकडे जातो. पेटीतल्या माशास जावयास जागा नाही. जे पाणी आपण घालू, त्यातच त्याने श्वास घ्यावयाचा. हे ज्या मुलास समजले, ते मूल शुक्रवारी रात्री आठवणीने टब भरून ठेवते, तापमापक वाचते, थेंब मोजते, आणि विज्ञानाच्या पुस्तकातील क्लोरीन व अमोनिया त्यास डोळ्यांपुढे दिसू लागतात.

म्हणून आमची आपल्या सर्व सभासद कुटुंबांस विनंती आहे, की पाण्याचे हे काम घरातील दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींकडे सोपवावे. हायपोची बाटली तेवढी मोठ्यांनी आपल्या ताब्यात ठेवावी. एक टब, एक मलमलीचे फडके, एक तापमापक आणि दोन रात्रींचा धीर, एवढेच साहित्य लागते.